पंधरा महिन्यांच्या मुलीची दुपारची दुसरी झोप: बंद करावी की वेळ बदलावी?

पहाटवारा यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. आमची मुलगी येत्या आठवड्यात पंधरा महिन्यांची होईल. आठव्या महिन्यापासून ती दिवसातून दोनदा झोपत आली आहे आणि आतापर्यंत त्यात फारशी अडचण आली नव्हती. गेल्या तीन आठवड्यांपासून मात्र दुपारची दुसरी झोप हा आमच्या घरातील सर्वांत कठीण तास झाला आहे.

सध्याचा दिवस असा जातो. ती सकाळी साडेसहाला उठते, साडेनऊला विनातक्रार झोपते आणि अकरापर्यंत गाढ झोपते. अडीच वाजता तिला पुन्हा निजवायला घेतले की ती पलंगावर उभी राहते, खेळते, हाका मारते आणि शेवटी रडू लागते. तासाभराच्या प्रयत्नानंतर पावणेचारच्या सुमारास तिचा डोळा लागतो आणि पावणेपाचला ती उठते. त्यानंतर रात्री दहाच्या आधी ती झोपेचे नाव घेत नाही. ज्या दिवशी आम्ही दुसऱ्या झोपेचा आग्रह सोडून दिला, त्या दिवशी साडेपाचपासून ती इतकी किरकिरी झाली की जेवणही धड झाले नाही. सातला ती अक्षरशः कोसळल्यासारखी झोपली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला टक्क जागी झाली.

माझी पत्नी सकाळी कामावर जाते आणि मी दुपारनंतर, त्यामुळे पहिली झोप माझ्या वाट्याला येते आणि दुसरी तिच्या. ओढाताण तिचीच अधिक होते, आणि मला ते पाहवत नाही. दुसरी झोप कायमची बंद करण्याची वेळ आली आहे, की हा तात्पुरता काळ आहे आणि आम्ही धीर धरावा? बंद करायची असेल तर संध्याकाळचे ते दोन तास कसे निभवावेत? ज्यांनी हा बदल केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

दोन_लेकरांची_आई यांचे उत्तर

तुमचे वर्णन वाचून माझ्या धाकट्या मुलाचा चौदावा महिना डोळ्यांसमोर उभा राहिला. मी दोनदा या टप्प्यातून गेले आहे. पहिल्यांदा चुकीच्या पद्धतीने आणि दुसऱ्यांदा बऱ्यापैकी नीट. त्यामुळे आधी चूक सांगते.

मोठ्या मुलीच्या वेळी मीही 'दुसरी झोप बंद करायची' असाच विचार केला होता. सकाळची झोप सुखाने होत होती म्हणून ती ठेवली आणि जिच्यावरून भांडण होत होते ती दुपारची काढून टाकली. त्याचा परिणाम म्हणजे अकरा वाजता उठलेले मूल रात्रीपर्यंत आठ तास जागे राहू लागले, आणि इतका वेळ त्या वयाच्या मुलाला झेपत नाही. ती पाच वाजता कोलमडायची, लवकर झोपायची, पहाटे उठायची, पहाटे उठल्यामुळे सकाळी आणखी लवकर झोपायची, आणि हे चक्र जवळपास दीड महिना चालले. खरे तर दोन झोपांची एक होते तेव्हा मुलाला त्रास देणारी झोप काढून चालत नाही. सकाळची झोप हळूहळू पुढे सरकवत मध्यान्हापर्यंत न्यावी लागते. ती तिथे पोहोचली की दुपारच्या झोपेला जागाच उरत नाही आणि ती आपोआप गळून पडते. तुमची मुलगी दुपारी झोपायला नकार देते आहे, पण सरकवायची आहे ती सकाळची झोप.

अर्थात, ते सुरू करण्यापूर्वी खात्री करून घ्यावी. पहिल्या वाढदिवसाच्या आसपास, विशेषतः मूल चालायला लागते तेव्हा, अनेक मुले एक-दोन आठवडे दुसरी झोप नाकारतात आणि मग पुन्हा मुकाट्याने झोपू लागतात. बहुतेक मुले तेरा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान एका झोपेवर येतात. तुमची मुलगी या काळात आहे आणि तिचा नकार तीन आठवडे टिकला आहे. शिवाय दुपारची झोप झाली की रात्र उशिरा आणि न झाली की पहाट लवकर, अशी दोन्हीकडून कोंडी झाली आहे. माझ्या मते वेळ आली आहे.

मी धाकट्याच्या बाबतीत असे केले. साडेनऊची झोप दहावर नेली आणि तीन दिवस तिथेच ठेवली. मग साडेदहा, पुन्हा तीन दिवस. अशा रीतीने बारा वाजेपर्यंत पोहोचायला पंधरा-सोळा दिवस लागले. मध्येच एखादा दिवस फारच जड गेला तर पुढचा अर्धा तास न ढकलता त्याच वेळेवर आणखी दोन दिवस थांबले. सकाळी साडेनऊच्या सुमारास तो पेंगू लागायचा, त्या वेळी त्याला घराबाहेर उजेडात नेले की तो अर्धा तास सहज निघून जायचा. गाडीत बसवणे मात्र मी कटाक्षाने टाळले, कारण दहा मिनिटांची डुलकी लागली की पुढची दीड तासाची झोप हातची जाते.

संध्याकाळविषयी तुम्ही विचारले आहे. त्या दोन-तीन आठवड्यांत रात्रीची झोप निःसंकोचपणे तासभर अलीकडे आणावी. साडेसहाला जेवण आणि सात-सव्वासातला अंथरूण, हे त्या काळापुरते योग्यच आहे. सुरुवातीला मध्यान्हीची झोप जेमतेम तासभराची होईल आणि तुम्हाला वाटेल की सगळे फसले. या वयात झोपेचे एक आवर्तन साधारण तासाभराच्या आतबाहेरचे असते, आणि मूल पहिल्या आवर्तनाच्या शेवटी जागे होते. लगेच उचलून न घेता दहा-पंधरा मिनिटे अंधारात आणि शांततेत राहू द्यावे. आमच्याकडे तिसऱ्या आठवड्यात ती झोप आपोआप दोन तासांवर गेली.

निशिगंध यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. झोपेच्या विज्ञानाविषयी गेली काही वर्षे वाचन करीत असल्यामुळे, वेळ सरकवल्याने नेमके काय साधते हे थोडे उलगडून सांगावेसे वाटते. कारण समजले की अडचणीच्या दिवशी निर्णय घेणे सोपे जाते.

झुरिक येथील संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये झोपेचे जे प्रारूप मांडले, ते आजही या विषयाचा पाया मानले जाते. त्यानुसार झोप दोन गोष्टींवर ठरते. एक म्हणजे जागेपणी साचत जाणारा झोपेचा दाब. आपण जितका वेळ जागे राहतो तितका तो वाढतो आणि झोपल्यावर ओसरतो. दुसरी म्हणजे शरीरातील घड्याळ, जे उजेड आणि अंधाराच्या आधाराने जागे राहण्याची व झोपण्याची वेळ ठरवते. तान्ह्या बाळात हा दाब फार झपाट्याने साचतो, म्हणून ते दर दोन तासांनी झोपते. मेंदू जसजसा परिपक्व होतो तसतसा हा वेग कमी होतो आणि मूल अधिक काळ जागे राहू शकते. तुमची मुलगी अकराला उठते आणि अडीचला तिला निजवले जाते, म्हणजे मध्ये साडेतीन तास जातात. आठव्या महिन्यात तेवढ्या वेळात पुरेसा दाब साचत होता. आता साचत नाही. तिचा हट्ट वाढलेला नाही, तिला त्या वेळी खरोखरच झोप येत नाही. पुढे पावणेचार ते पावणेपाच झोपल्याने साचलेला दाब ओसरतो आणि रात्री आठला पुन्हा तोच प्रसंग उभा राहतो.

याच कारणाने पहाटेचे उठणेही पाहावे लागेल. पावणेपाचला उठलेल्या मुलाला आठ वाजताच निजवले, तर ती झोप रात्रीच्या झोपेचाच तुटून वेगळा पडलेला तुकडा ठरते आणि शरीराला पहाटे उठण्याची सवय लागते. त्या दिवशीही झोपेची वेळ शक्य तितकी ठरलेल्या वेळेजवळ ठेवावी, आणि सहाच्या आधी खोलीत दिवा न लावता अंधार राहू द्यावा. संध्याकाळी उलट करावे: झोपेच्या आधीच्या तासात घरातील दिवे मंद असावेत आणि पडदे बंद असावेत, कारण लहान मुलांचे शरीरघड्याळ रात्रीच्या प्रखर उजेडाने मोठ्यांपेक्षाही सहज मागे पडते.

आणखी एक सुचवतो. काहीही बदलण्यापूर्वी सात दिवस वहीत नोंद ठेवावी. किती वाजता निजवले हे नव्हे, तर किती वाजता प्रत्यक्ष झोप लागली आणि किती वाजता मोडली. चोवीस तासांची बेरीज हाच खरा आधार आहे. अमेरिकेतील निद्रावैद्यक संस्थेने २०१६ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक ते दोन वर्षांच्या मुलांसाठी दिवसा-रात्रीची मिळून ११ ते १४ तास झोप सांगितली आहे. तुम्ही दिलेल्या वेळांची बेरीज मी केली: रात्रीचे साडेआठ तास आणि दिवसाचे अडीच, म्हणजे ११. ही अगदी खालची मर्यादा आहे. म्हणजे तिला झोप कमी लागते आहे असे नसून, ती चुकीच्या वेळी विभागली गेल्यामुळे पुरेशी मिळत नसावी, असा माझा अंदाज आहे. बदल योग्य झाला तर महिनाभरात ही बेरीज वाढलेली दिसेल. उलट ती घटत गेली, तर थांबून दोन झोपांवर परत जाण्यात काहीच कमीपणा नाही.

एक सूचना मात्र गांभीर्याने करतो. मूल आठवड्यातून बऱ्याच रात्री घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, झोपेत श्वास मध्येच थांबल्यासारखा वाटत असेल किंवा रात्रभर पाय झाडत तळमळत असेल, तर वेळापत्रक बदलण्यात काळ न घालवता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. वाढलेल्या टॉन्सिलपासून लोहाच्या कमतरतेपर्यंत अनेक कारणे असू शकतात आणि त्यांवर उपचार आहेत. मूल वेळेआधी जन्मले असेल, तर हे सगळे टप्पे मूळ अपेक्षित तारखेपासून मोजलेल्या वयानुसार पाहावेत.

पाळणाघरताई यांचे उत्तर

मी बरीच वर्षे पाळणाघरात एक ते तीन वर्षांच्या मुलांच्या गटाबरोबर काम करते. वरील दोन्ही उत्तरे मला पटली, तरी एका बाबतीत माझा अनुभव थोडा वेगळा आहे.

दर तीन दिवसांनी अर्धा तास पुढे, हे गणित सर्वच मुलांना मानवत नाही. काही मुलांच्या बाबतीत कितीतरी आठवडे एक दिवस एका झोपेचा आणि दुसरा दिवस दोन झोपांचा जातो. रात्र चांगली गेली आणि सकाळी सात वाजता उठले, तर मूल साडेअकरापर्यंत आनंदाने जागे राहते; तेच मूल साडेपाचला उठले किंवा दात येत असल्याने रात्री तळमळले, तर त्याला सकाळी अर्ध्या-पाऊण तासाची डुलकी द्यावीच लागते. अशा दिवशी सकाळची डुलकी मी पाऊण तासाच्या पुढे जाऊ देत नाही, म्हणजे दुपारी एकच्या सुमारास मुख्य झोप लागते. गाढ झोपलेल्या मुलाला उठवणे जिवावर येते, हे मी रोज अनुभवते. पण पडदा सरकवून उजेड येऊ दिला आणि हळू आवाजात बोलत राहिले, तर बहुतेक मुले न रडता जागी होतात.

आता एक प्रसंग सांगते, कारण त्यातून मी शिकले. फार पूर्वी मी ज्या ठिकाणी काम करीत होते, तिथे मूल वर्षाचे झाले की मोठ्या गटात जायचे आणि मोठ्या गटात दिवसाला एकच झोप होती. एक तेरा महिन्यांचा मुलगा रोज दहा वाजता माझ्या खांद्यावर डोके ठेवायचा आणि मी त्याला खेळणी दाखवून जागे ठेवायचे, कारण नियम तसा होता. बाराला तो जेवता जेवता झोपायचा, अर्ध्या तासात रडत उठायचा आणि संध्याकाळी आई येईपर्यंत चिडचिडा राहायचा. त्याची आई मला विचारायची की हा दिवसभर असाच असतो का, आणि मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचे. आज मी तसे करणार नाही. दहा वाजता त्याला कोपऱ्यात अर्धा तास निजू देणे एवढेच हवे होते, आणि ते करता आले असते. पंधरा महिन्यांची दहा मुले मी एका खोलीत पाहिली, तर त्यांतील काही दोनदा झोपणारी असतात आणि काही एकदा; दोन्ही प्रकारची मुले सुदृढ असतात.

तुमच्या घरी मुलीला आलटून पालटून दोघे सांभाळतात, म्हणून हेही सांगते. दोघांनी एकच वही वापरावी आणि ती भिंतीवर किंवा फ्रीजवर लावून ठेवावी. सकाळच्या व्यक्तीने नऊ वाजता डुलकी दिली आणि दुपारच्या व्यक्तीला ते ठाऊकच नसले, की बाराची झोप का लागत नाही हे कोणाला कळत नाही. निजवण्याची रीत मात्र दोघांनी सारखी ठेवावी: पडदा, एखादे पुस्तक, तेच अंगाईगीत, आणि मग अंथरूण. वेळ बदलत असताना रीत तीच राहिली तर मुलाला फार मोठा आधार वाटतो.

चाफा यांची विचारणा

मूळ प्रश्नाला जोडून विचारते. माझा मुलगा पावणेतीन वर्षांचा आहे. तो दुपारी एक ते तीन गाढ झोपतो आणि रात्री साडेदहापर्यंत जागा राहतो. सकाळी सातला त्याला उठवावे लागते. त्याची दुपारची झोप आता बंद करावी का?

निशिगंध यांचे उत्तर

बंद करण्याआधी ती आखडून पाहावी. आपल्या मुलाची बेरीज साडेदहा तास होते. दोन वर्षांपर्यंत किमान ११ आणि तीनपासून १० ते १३ तास झोप सांगितली आहे, म्हणजे तो काठावर आहे. शिवाय त्याला सकाळी उठवावे लागते, याचा अर्थ झोप पुरी होत नाही. अशा वेळी दुपारची झोप एकदम काढली तर काही दिवस बेरीज आणखी घटते.

मोठ्या चित्राकडे पाहिले तर दोन वर्षांआधी दिवसाची झोप पूर्ण सोडणारी मुले फारच थोडी असतात आणि पाच वर्षांपर्यंत बहुतेक सर्व मुले ती सोडतात. मधला तीन वर्षांचा काळ प्रत्येकाचा वेगळा. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधन-आढाव्यात असे दिसले की दोन वर्षांनंतरची दिवसाची झोप ही रात्री उशिरा झोप लागण्याशी जोडलेली आढळते. दुसरीकडे, २०१३ मधील एका अभ्यासात शाळापूर्व वयाच्या मुलांना सकाळी शिकलेल्या गोष्टी दुपारी झोपल्यानंतर अधिक चांगल्या आठवल्या, आणि हा लाभ नियमितपणे झोपणाऱ्या मुलांमध्ये अधिक होता. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले, तर ज्याला अजून दुपारची झोप हवी आहे त्याची ती काढून घेऊ नये, पण तिने रात्र खाऊ नये, एवढी काळजी घ्यावी असे मला वाटते.

म्हणून आधी त्याला पावणेतीनला उठवावे, चार-पाच दिवसांनी अडीचला, मग सव्वादोनला. प्रत्येक पायरीवर रात्रीची झोप किती अलीकडे येते ते पाहावे. एका तासावर येऊनही रात्रीचे दहा वाजत असतील आणि न झोपलेल्या दिवशी तो संध्याकाळ बऱ्यापैकी हसतखेळत काढत असेल, तर झोप सोडायला हरकत नाही. त्या जागी रोज पाऊण तास शांत वेळ ठेवावा: पडदे अर्धे ओढलेले, पुस्तके, ठोकळे, मोबाइल किंवा टीव्हीसारखे कोणतेही उपकरण नाही. त्या वेळात तो कधी झोपला तर झोपू द्यावे, पण तासाभरात उठवावे.

दोन_लेकरांची_आई यांचे उत्तर

चाफाताई, शांत वेळेबद्दल निशिगंध यांनी लिहिले आहे, त्यात एक भर घालते. माझ्या मोठ्या मुलीने सव्वातीन वर्षांची असताना झोप सोडली, पण त्यानंतरही चार-पाच महिने आठवड्यातून एखाद्या दिवशी ती दुपारी झोपायची. अशा दिवशी मी रात्रीची झोप अर्धा तास उशिरा ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नेहमीची वेळ. 'आता ती झोपत नाही' असे एकदा ठरवून टाकले की शरीराने मागितलेली झोपही आपण नाकारू लागतो, आणि ते माझ्याकडून सुरुवातीला झाले होते.

पहाटवारा यांचे पुढील निवेदन, पाच आठवड्यांनंतर

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिले, म्हणून काय झाले ते कळवणे मला माझे कर्तव्य वाटते.

पहिला आठवडा आम्ही फक्त नोंद ठेवली. सरासरी ११ तास आणि काही मिनिटे निघाली, म्हणजे निशिगंध यांची बेरीज बरोबर होती. त्यानंतर सकाळची झोप दहावर नेली. साडेदहापर्यंत सगळे सुरळीत झाले आणि अकरावर आम्ही अडकलो. चार दिवस ती चाळीस मिनिटांत उठत होती आणि रडत होती. पाळणाघरताईंनी लिहिले होते ते तेव्हा कामी आले. त्या चार दिवसांपैकी दोन दिवस आम्ही नऊ वाजता अर्ध्या तासाची डुलकी दिली आणि एक वाजता मुख्य झोप. पाचव्या दिवशी ती स्वतःहून साडेअकरापर्यंत जागी राहिली. नोंदवही फ्रीजवर लागली आहे, आणि माझ्या पत्नीच्या म्हणण्याप्रमाणे अर्धा फरक त्या वहीनेच पडला, कारण मी सकाळी दिलेली डुलकी तिला सांगायला विसरत असे, हे त्यातून उघड झाले.

गेल्या दहा दिवसांतील वेळा अशा आहेत: सकाळी सव्वासहाला उठते, सव्वाबाराला झोपते, सव्वादोनला उठते आणि रात्री पावणेआठला झोपते. चोवीस तासांची बेरीज साडेबारा तासांच्या आसपास येते. परवा तिला ताप होता, तेव्हा ती दिवसातून दोनदा झोपली आणि आम्ही झोपू दिले. आज ताप उतरला आहे. सकाळी दहाला तिने डोळे चोळले, मी तिला घेऊन गच्चीवर गेलो, आणि बारा वाजता मी अंगाई सुरू करण्याआधीच तिने माझ्या खांद्यावर मान टाकली.